आराम हाय का?

६ नोव्हेंबर, गुरुवार

जानेफळच्या पुढे, मळ्यातलं घर. नवीन पेशंट किसनराव. वय विचारलं तर "साठाच्या पुढं लिहा कितीबी." फुफ्फुसाचा कॅन्सर, मणक्यात पसरलेला. अकोल्याहून घरी पाठवलंय. यापुढे उपचार नाहीत, दुखणं कमी ठेवायचं आणि घरी काळजी घ्यायची. म्हणजे माझं काम.

दुखणं शून्य ते दहात किती, विचारलं.
"दहाच्या पुढची गिनती नाई का शिकवली तुमाले?"

डॉक्टरांशी फोनवर बोलून मॉर्फिन सुरू केलं. पोट साफ होण्याचं औषध सोबत घ्यायचंच, हे बायकोला दोनदा सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं. रुख्माबाई नाव. गल्ली-मळा सगळे त्यांना माय म्हणतात, मीही तेच म्हणायचं ठरवलं. दारापर्यंत आल्या. "काय होईन आता सिस्टर?"
"या गोळीनं आराम पडेल."
त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि आत वळल्या. मग वांगी घेऊन आल्या, टोपलंभर. मी घेत नाही म्हटलं. गजूभाऊंनी, आमच्या ड्रायव्हरनी, घेतली. वाटेत म्हणे, "सिस्टर, तुमी तत्त्व खा. मी भरीत खातो."

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वॉर्डात. खिडकीजवळची आजी गेली. वानखडे सिस्टर होत्या, माझ्या वरिष्ठ. नळी काढली, डोळे मिटवले, हनुवटीखाली पट्टी बांधली आणि खिडकी उघडली. दर वेळी उघडतात. "हवा येऊ दे," एवढंच म्हणतात. हवा आत यायची असते की काही बाहेर जायचं असतं, कुणी विचारत नाही.

नवीन मुली श्वास थांबल्याबरोबर 'बॉडी' म्हणू लागतात. "बॉडी कधी नेणार?" अर्ध्या तासापूर्वी त्याच आजीला भरवत होत्या. मी त्यांना दोष देत नाही, शब्द बदलला की हात चालतात. वा. सि. मात्र गाडी गेटबाहेर जाईपर्यंत आजीच म्हणाल्या.

चहाला मला म्हणाल्या, "पोरी, तुनं घरी जायची ड्युटी काऊन घेतली व? इथं मेला माणूस त भिंती सरकारच्या असतात. तिथं त्याच्या असतात."
प्रशिक्षण घेतलं होतं म्हणून, असं सांगितलं. ते खरं आहे. पुरेसं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

किसनकाका अंगणात बाजेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. दुखणं दोन. झोप लागते. जीभ कोरडी, बाकी तक्रार नाही. डोस बरोबर बसला. बरं वाटलं. अशा वेळी बरं वाटून घ्यायला हरकत नसावी.

नजर अधू आहे त्यांची. मी फाटकातून शिरले तर ओरडले, "आली का व?" मग जवळ गेल्यावर, "अं, सिस्टर व्हय." मुलगी समजले. एकुलती एक, अर्चना. शेगावात दिलेली, सासरचं पेढे-उदबत्तीचं दुकान आहे. सातवा महिना चालू.

"आली का व" असं म्हणताना त्यांचा आवाज वर जातो, आणि "सिस्टर व्हय" म्हणताना खाली येतो. खाली आल्यावरचा माझा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चूक झाली. माझीच, आणि साध्या शब्दाची.

माय आनंदात होत्या. चहात आलं घातलं होतं. म्हणाल्या, "अर्ची इवून राह्यली होती ना या रविवारी, मीच नाई म्हनलं. एवढ्या खाचखड्ड्यातून काऊन यायचं पोटुशीनं? सिस्टरनं सांगतलं, आराम पडते. आता आठव्यात आणू, ओटी भरू. बाळंतपन इथंच करू. तवरोक हे बी हिंडा-फिराले लागतीन."

मी कप खाली ठेवला.

आमच्याकडे आराम म्हणजे दुखणं चारच्या खाली. मायच्या भाषेत आराम पडणं म्हणजे बरं होणं. ही माझीही भाषा आहे, मी रोहिणखेडची. आमच्या गावातही "आराम हाय का?" असं विचारतात आणि उत्तराकडे कान लावून उभे राहतात. मला कळायला हवं होतं. कोर्समध्ये शिकलेला शब्द घरच्या शब्दासारखा दिसला आणि मी तो तसाच वापरला.

सांगितलं. "माय, त्यांना दुखणार नाही, हे मी बघेन. पण हा आजार बरा होणार नाही."
त्या म्हणाल्या, "मंग आराम काऊन म्हनलं तुमी?"
मी कप मोरीत नेऊन विसळला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्चनाला फोन केला. आधी मायची परवानगी घेतली, नंबर त्यांनीच दिला. बातमी टप्प्याटप्प्याने द्यावी, समोरच्याला किती माहीत आहे ते आधी विचारावं, मग थांबावं. तसंच केलं. तिने विचारलं, "म्हणजे किती दिवस, सिस्टर?" आम्ही आकडा देत नाही. म्हटलं, "भेटायचं असेल तर आताच. बोलता येतंय तोवर."

दुकानात होती. मागे गिऱ्हाइकांचा गलका. मग एकदम एक बाई: "कोन हाय? काय म्हनते?" फोन स्पीकरवर होता.
कट झाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रजेचा दिवस. खोलीत. कपडे धुतले, गहू निवडले. घरी आईला फोन केला, ती म्हणाली, "आवाज काऊन असा?" म्हटलं, सर्दी.

नाना, माझे वडील, अकोल्याला ॲडमिट होते तेव्हा माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती. आई फोनवर रोज म्हणायची, "आराम हाय. तू पेपर दे." मी पेपर दिले. चांगले गेले. शेवटचा पेपर झाल्यावर माझ्या काकांचा फोन आला, गाडी पाठवतोय. पेपर संपेपर्यंत थांबवलं होतं सगळ्यांनी. नानांनाही थांबवता आलं असतं तर. आईचा राग कधी आला नाही. तिचा आराम कोणता होता, तेही कधी विचारलं नाही.

इथे लिहिलं ते पुरे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माय बोलत नाहीत. पाणीही गड्याच्या हाती पाठवलं.

सासरचे अर्चनाला पाठवत नाहीत. मरणाच्या घरी गरोदर बाईने जायचं नाही. आजारी बापाला भेटायला चालतं, मरणाऱ्या बापाला नाही. मी 'मरणार' हे स्पष्ट केलं, म्हणून आता दार बंद.

जाताना माय एकदाच बोलल्या. "तुमी खरं सांगतलं ना, मंग तिले आना आता तुमच्या खऱ्यानं."

काकांचं दुखणं पाच. डोस वाढवला. खाणं निम्म्यावर. पायाला सूज. मला म्हणाले, "सिस्टर, मले समजते बरं. बैल बसला की शेतकऱ्याले समजते, उठन का नाई." मग, "पोरगी फक्त एकडाव. तिच्या हातचं घोटभर पानी. पोरगा नाई ना मले. थोच पोरगा, थेच पोरगी."
विचारलं, भीती वाटते का?
"भेव नाई वाटत. चैन नाई पडत."
वहीत 'अस्वस्थता' लिहायचं असतं. लिहिलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वा. सि.ना विचारलं. त्या इंजेक्शनच्या ट्रेवरून नजर न काढता, "जाऊन सांग त्या सासूले, आराम हाय म्हनून. धाडते का नाई पाय."
"ते खोटं होईल."
"काऊन? दुखते का त्याले?"
"नाही. औषधाने आता नाही."
"मंग?" ट्रे उचलला. "पन्नासदा बोलली असन मी हे वॉर्डात. आतून बाप जाऊन राह्यला, बाहेर पोरगा विचारतो, आराम हाय का? मी म्हनते, हाव. त्यो आत जातो, हात धरतो. नाई म्हनलं असतं त बाहेरच रडत बसला असता."
मी म्हटलं, आम्हाला असं शिकवलं नाही.
"तुमाले लय शिकवते आता," म्हणाल्या. टोमणा होता, पण हसून.

मला त्यांचं पटत नाही. आणि माझ्याकडे दुसरं काही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेगाव. रजा होती. आईला सांगितलं, दर्शनाला जातेय. दर्शनही घेतलं, रांगेत उभी राहून. काही मागितलं नाही, सुचलं नाही.

दुकान सापडलं. सासूबाई गादीवर, पेढ्यांच्या ताटावरच्या माशा वारत. ओळख सांगितल्यावर, "तुमीच का थ्या फोनवाल्या?" बसायला स्टूल दिलं. तांब्या दिला. वाईट बाई नाहीत. तेच कठीण होतं.

अर्चना आतून आली. नाक वडिलांचं. दोन्ही हात पोटाखाली धरून उभी राहिली. सासूने उंबऱ्यावर उभं राहू दिलं नाही, "हिकडं हो व, दारात नको." डोळे सुजलेले.

सासूबाई म्हणाल्या, "तुमी रोज पायता बाई मरन, तुमाले काई वाटत नाई. मी जावेच्या मयतीले गेली होती, सातव्यात. माह्यं पहिलं गेलं. पोरगा होता."
दोन्हींचा संबंध नसतो, हे मला माहीत आहे. त्यामागची कारणं सांगता आली असती. पण त्यांनी ते लेकरू पाहिलं होतं, मी नाही.

एक गिऱ्हाईक आलं, त्याला पाव किलो पेढे तोलून दिले. मग माझ्याकडे न पाहता, "एकच सांगा. आराम हाय का त्याईले?"
"दुखणं थांबलंय."
"थे नाई विचारलं मी."

अर्चना माझ्याकडे बघत होती. मंगळवारी फोनवर मी काय म्हटलं होतं ते तिला शब्दन् शब्द माहीत आहे. तिने मान हलवली नाही, काही खुणावलं नाही. नुसतं बघत होती.

"हो," मी म्हटलं. "आराम आहे."

सासूबाईंनी ताटावरचं फडकं सारखं केलं. "मंग ठीक. आराम असला त माहेरी जायाले कोन नाई म्हनते? बुधवारी सोनोग्राफी हाय. गुरुवारी धाडतो."

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. खात्री नाही. पेढ्यांचा पुडा दिला मला, "पेशंटले प्रसाद." या वेळी घेतला.

गुरुवार. चार दिवस. "लवकर" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आराम आहे म्हटल्यावर घाई कशाची?

२४ नोव्हेंबर, सोमवार

काकांना सांगितलं, गुरुवारी येतेय. "कोन?" म्हणाले. मग कळलं. चेहरा भिंतीकडे वळवला. थोड्या वेळाने, "सासू धाडते म्हने?"
"धाडते."
"काय सांगतलं तिले?"
मी बी.पी. बघत होते. तोच लिहिला.
हसले. दम लागला, तरी हसले. "सिस्टर, तुमी बी आमच्यातल्याच निंगाल्या."

पेढा कुस्करून जिभेवर ठेवला, कणभर. चव लागली म्हणाले. माय आज बोलल्या. म्हणजे, बाजूला येऊन बसल्या आणि माझ्या वेणीतून निसटलेले केस कानामागे सारले, न बोलता. मला तशी सवय नाही. हलले नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझी भेट नव्हती. तरी गेले, ड्युटी संपल्यावर, गजूभाऊंच्या मोटारसायकलवर. ते म्हणाले, "रजिस्टरात कसं लिहान हे?" लिहिणारच नाही, म्हटलं. "बाप्पा! सिस्टर बिघडल्या."

झोप वाढली आहे. हाक मारली की डोळे उघडतात. गिळताना ठसका लागतो, तोंडाने पाणी बंद करायला सांगितलं. कापूस ओला करून ओठ, हिरड्या. मायला दाखवलं. त्या नीट करतात, माझ्यापेक्षा हळू.

निघाल्यावर औषधाची पेटी विसरल्याचं आठवलं, परत आले तर फाटक वाजलं. त्यांनी डोळे न उघडता, "आली का व?"
सिस्टर आहे, असं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. हो असंही म्हटलं नाही. तिथे उभी राहिले. असं कुणी विचारून किती वर्षं झाली. मग पेटी उचलली.

हे नोंदीत येत नाही. इथे येतंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अर्चनाचा मेसेज. सोनोग्राफी ठीक, बाळाचे ठोके ठीक. "उद्या पहिल्या गाडीने निघते. आबा कसे?" 
लिहिलं, "झोपून आहेत. दुखत नाही." दोन्ही खरं. पाठवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत होते. आजच नीघ, असं लिहिलं असतं तर सासूबाईंनी वाचलं असतं.

वा. सि.ना सांगितलं सगळं. म्हणाल्या, "आता एकच. उद्या काई झालं ना, त त्या सासूसमोर तू उभी राहा. पळू नको." 
पळणार नाही.
"आन् रडू येईन त रड, काई होत नाई. मी संडासात जाऊन रडते, तीस वर्स झाले. कोनाले मालूम नाई." मग बेडपॅन घेऊन गेल्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

इथेच बसून लिहितेय, बाजेच्या पायथ्याशी. हाताला काम नाही म्हणून.

आले तेव्हाच दिसलं. तळपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी. श्वास चालतो, थांबतो, परत चालतो. घशात घरघर, कुशीवर वळवल्यावर कमी झाली. चेहऱ्यावर वेदना नाही. डॉक्टरांना कळवलं. जे करायचं होतं ते करून झालं.

मायला बाहेर नेऊन सांगितलं, आजच. यावेळी शब्द नीट निवडला. त्या म्हणाल्या, "मले दिसते बाई." आणि वाटीत पाणी घेऊन उशाशी बसल्या. शेजारची बाई आली, म्हणाली, तूच घाल ना माय दोन थेंब, वाट काऊन पायतं? मायनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मग अर्चनाचा फोन. खामगाव स्टँड. इथली गाडी तिथून बदलावी लागते.
"सिस्टर, गाडी लागलीय. आत्याबाई संग हायेत माह्या. त्या म्हणतात बसायच्या आधी विचार. बसू ना?"
मागून तिच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अगदी फोनजवळ, हलक्या आवाजात. काय विचारत होत्या ते ऐकू यायची गरज नव्हती.

हो म्हटलं तर त्या बाईला फसवून मी तिला मयतीत आणून बसवते, तिच्या पोटुशा सुनेसकट. नाही म्हटलं तर दोघी पहिल्या गाडीने परत.

दोन्ही म्हटलं नाही. "आबांशी बोल," म्हटलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. ऐकू येणं सगळ्यांत शेवटी जातं, असं शिकवतात. ते पडताळून कुणी सांगितलेलं नाही.

"आबा, मी अर्ची. खामगावात हाय. आबा, पोराचे ठोके ऐकले काल मी. लय जोरात हायेत. तुमच्यासारखा घाईचा हाय तो. आबा?"
श्वास थांबलेला होता. मी मोजते अशा वेळी. आज मोजला नाही. मायही बघत राहिल्या, मीही. मग आला. मोठा, खोल. बोट हललं चादरीवर, की मला वाटलं.
"आयकू गेलं का त्याईले?" हा आवाज सासूबाईंचा होता.
"गेलं," मी म्हटलं.
मग कंडक्टरची घंटी, आरडाओरडा, कुणीतरी "चाला, चाला" म्हणालं. चढायला की मागे फिरायला, कळलं नाही. फोन बंद झाला. परत लावला, रेंज नाही.

गजूभाऊ अंगणात होते. काही न विचारता किल्ली घेतली. "फाट्यावर उभा राह्यतो. पोटुशी मानूस, एवढी पायवाट चालन का? नाई आली त येतो माघारी."

त्याला खूप वेळ झाला. ऊन ओसरीवरून खाली उतरलं. मायनी वाटीतलं पाणी बदललं, ताजं भरलं. काकांचा श्वास अजून आहे, पण मधली जागा लांबत चाललीय.

आत्ता रस्त्याकडून इंजिनाचा आवाज येतोय. आमची गाडी असेल. ट्रॅक्टरही असू शकतो, हे कापूस वेचणीचे दिवस आहेत. माय उठल्या नाहीत, फक्त वाटी दोन्ही हातांत धरली. मी फाटकाकडे बघतेय.